रटाळ, भडक आणि छान : साध्या प्रेक्षकाचे तीन शेरे

(आपल्या मंचाच्या सेम्बावांग येथील मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली काही वाक्ये गाळली आहेत, बाकी भाषा वक्त्याचीच ठेवली आहे. – संपादक)



सुरुवातीलाच एक कबुली देते. मी चित्रपटांची अभ्यासक नाही. फिल्म इन्स्टिट्यूट मी फक्त बाहेरून बघितली आहे, तीही रिक्षातून. मी हिशेब तपासणारी बाई. चित्रपट मी तुमच्यासारखीच बघते. शनिवारी रात्री, बाजारहाट आणि मुलांचा अभ्यास आटोपल्यावर, एक डोळा पडद्यावर आणि एक डोळा फोनवर ठेवून. तेव्हा 'आजचे चित्रपट आणि दिग्दर्शकांच्या शैली' अशा भारदस्त विषयावर मला का उभं केलं, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. संयोजक म्हणाले, "गेली अडीच-तीन वर्षं आपण तुमच्या घरी जमून चित्रपट बघतोय. चहा पिताना लोक काय बोलतात ते तुम्ही ऐकलंय. तेवढंच सांगा." तेवढंच सांगते.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. सेम्बावांग हे सिंगापूरचं उत्तरेचं टोक. इथे ब्रिटिशांचा आरमारी तळ होता, त्यामुळे रस्त्यांना कॅनबेरा, वेलिंग्टन, मॉन्ट्रियल अशी सगळ्या साम्राज्याची नावं आहेत. शेजारच्या यिशुनला 1992 साली दहा पडद्यांचं थिएटर निघालं. सिंगापूरमधलं ते पहिलं मल्टिप्लेक्स. पण पडदे दहा असोत की वीस, मराठी चित्रपट इथे आला तर कुठल्यातरी शनिवार-रविवारी एखादा खेळ होतो, आणि त्या दिवशी मुलाची नेमकी पोहण्याची स्पर्धा असते! म्हणून आम्ही घरीच सुरू केलं. एका मित्राचा जुना प्रोजेक्टर, आमच्या फ्लॅटची पांढरी भिंत आणि दहा-पंधरा माणसं. आयटीवाले अर्थातच जास्त. शिवाय एक परिचारिका, शिपयार्डात काम करणारा सोलापूरकडचा एक तरुण, आणि नातवंडांना सांभाळायला तीन-तीन महिन्यांसाठी येणारे आजी-आजोबा.

हिशेबाची सवय म्हणून मी एक वही ठेवली. चित्रपट संपल्यावर कोण काय म्हणालं ते त्यात लिहायचं. परवा ती वही चाळली तेव्हा लक्षात आलं की आम्ही सगळे मिळून तीनच शेरे मारतो. 'रटाळ', 'भडक' आणि 'छान'. सगळी चर्चा या तीन खणांत बसते. जाणकार लोक याला हसतील. पण मला आज असं सांगायचं आहे की हे शेरे टाकाऊ नाहीत. त्यांच्या पुढे एकदा 'का?' असं विचारलं, की आपण थेट दिग्दर्शकाच्या शैलीपाशी पोचतो. आणि अजून एकदा विचारलं की स्वतःपाशी. दुसरी पायरी जरा अवघड आहे.

पहिला शेरा : रटाळ

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (2014) लावला होता. व्हेनिसच्या महोत्सवात बक्षिसं, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक, भारताकडून ऑस्करसाठी निवड, असं सगळं मी आधी सांगून ठेवलं होतं. मुलाकडे आलेले एक काका होते. बँकेतून निवृत्त झालेले. वीस मिनिटांनी ते म्हणाले, "पंखा फिरतोय, न्यायाधीश सांगतोय, कारकून टाइप करतोय. अहो, यापेक्षा आमच्या शाखेत जास्त घडायचं!" सगळे हसले. मीही हसले.

चित्रपट संपला. चहा झाला. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या भावकीतला जमिनीचा दावा एकोणीस वर्षं चालला. कोर्टात असंच असतं. पुढची तारीख मिळते आणि आपण एस.टी. पकडून घरी येतो. फक्त ते कधी सिनेमात दाखवत नाहीत."

मंडळी, यापेक्षा चांगलं समीक्षण मी वाचलेलं नाही. आपल्या हिंदी चित्रपटांतलं कोर्ट म्हणजे गरजणारे वकील आणि आपटणारी हातोडी. ताम्हाणे काय करतात? एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर खटला आहे. आरोप असा की त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. आरोप इतका विपरीत आहे की दुसऱ्या कुणी त्यावर आरडाओरडा केला असता. ताम्हाणे कॅमेरा दूर ठेवतात, हलवत नाहीत, आणि प्रसंग संपला तरी बंद करत नाहीत. कोर्टाची सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात, तरी आपण बघतच असतो. अन्याय करायला दुष्ट माणूस लागत नाही, कामकाज नेहमीसारखं चालू असलं तरी पुरतं, हे त्यांना दाखवायचं आहे. ते घाईघाईने दाखवताच येणार नाही. म्हणजे काकांना आलेला कंटाळा खरा होता, आणि तो मुद्दाम आणलेला होता.

त्यात अजून एक प्रसंग आहे. सरकारी वकील बाई (गीतांजली कुलकर्णी) काम संपवून लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात. अगदी आपल्यातल्याच. सुट्टीच्या दिवशी हे कुटुंब मराठी नाटकाला जातं. नाटक परप्रांतीयांची टिंगल करणारं. प्रेक्षागृह खदखदून हसतं. आमच्या खोलीतही दोघं-तिघं त्यांच्याबरोबर हसले. तेव्हा शिपयार्डातला तो तरुण मागून म्हणाला, "ताई, पण इथे तर आपणच भय्ये आहोत की."

त्यानंतर कुणी हसलं नाही. कामाचा परवाना, त्याचं नूतनीकरण, बसमध्ये आपण मराठीत मोठ्याने बोललो तर वळून बघणाऱ्या नजरा, हे आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं आहे. ताम्हाणेंनी त्या प्रसंगात एक शब्दही उपदेश केलेला नाही. नाटक दाखवलं, हसणारे दाखवले, बस्स. बाकीचं काम आमच्या खोलीत झालं.

आता 'रटाळ'चंच दुसरं उदाहरण. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं'. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. त्या वर्षी सप्टेंबरात तो भारतात प्रदर्शित झाला तेव्हा मी पुण्यात होते. माझ्या मावशीला घेऊन गेले. वय वर्षं चौऱ्याहत्तर. कथा अशी की मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, आणि तिथे बाल्या या बालमित्राशी त्याचं जुनं नातं पुन्हा जुळतं. दोन पुरुषांमधलं प्रेम. मला धाकधूक, की मावशी काय म्हणेल! बाहेर आल्यावर ती म्हणाली, "फार काही घडत नाही गं. पण उठून जावंसंही वाटत नाही." रिक्षात बसल्यावर पुन्हा म्हणाली, "त्याची आई बरी आहे."

इथेही कॅमेरा बहुतेक वेळ स्थिरच. पण 'कोर्ट'मधला कॅमेरा लांबून पाहणाऱ्या साक्षीदारासारखा आहे, आणि कानवडे यांचा कॅमेरा सुतकाच्या घरात भेटायला आलेल्या नातेवाइकासारखा आहे. बोलायचं काही नसतं, उठताही येत नाही, म्हणून शेजारी बसून राहतो. समलिंगी प्रेमावरचा चित्रपट म्हटला की आपण भांडण, मारहाण, घराबाहेर काढणं याची वाट बघतो. इथे तसं होत नाही. ज्या आईला सगळं ठाऊक आहे आणि जी मुलाच्या बाजूने आहे, अशी आई मराठी पडद्यावर फारशी दिसलेली नाही. मावशीने चित्रपटातलं नेमकं तेच उचललं. तिला 'शैली' हा शब्द वापरावा लागला नाही.

थोडक्यात काय, संथपणा हा एकच गुण किंवा एकच दोष नाही. 'रटाळ' म्हणालात तर हरकत नाही. पण एवढं विचारा, की हा माणूस मला थांबवून काय बघायला लावतोय?

दुसरा शेरा : भडक

हा शेरा आमच्या वहीत सर्वांत जास्त वेळा नागराज मंजुळे यांच्या नावापुढे आहे. त्यातही 'सैराट'च्या (2016) शेवटापुढे. "गाणी काय, आर्ची काय, सगळं झकास. पण शेवट फार भडक केला. गरज नव्हती." एका मित्राचे हे उद्गार, आणि बाकीच्यांच्या माना हललेल्या.

मी त्या रात्री तो शेवट पुन्हा एकटीने बघितला. भडक म्हणजे काय? मोठा आवाज, पार्श्वसंगीत, किंकाळ्या, हत्यारं चालताना दाखवणं. मंजुळे यांनी यातलं काहीही केलेलं नाही. खून होताना दिसत नाही. जे दिसतं ते लहान मुलाच्या नजरेबरोबर दिसतं, आणि शेवटी तर आवाजच काढून घेतलेला आहे. एक मूल, आणि जमिनीवर उमटत जाणारी त्याची लाल पावलं. अख्ख्या चित्रपटातलं सर्वांत शांत दृश्य ते आहे. आणि 'झिंगाट'ला आम्ही भडक म्हटलं नाही, या दृश्याला म्हटलं!

मग मला कळलं की 'भडक' हा शब्द आम्ही चित्रपटासाठी वापरलाच नव्हता. 'मला हे नको होतं' याचं ते सभ्य भाषांतर होतं. दोन तास आम्हाला नाचवलं, प्रेमात पाडलं, आर्ची ट्रॅक्टर चालवते म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या, आणि मग आमच्याच वर्तमानपत्रात आतल्या पानावर छापून येणारी बातमी समोर ठेवली. ही मंजुळे यांची पद्धत आहे. ते आधी तुम्हाला आपल्यात घेतात, आणि मग तुम्ही कुठे उभे आहात ते दाखवतात.

'फँड्री'त (2013) हेच आहे. जब्याचं कुटुंब गावातली डुकरं धरतंय. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. ते सगळे आहेत तिथे ताठ उभे राहतात. दृश्य विनोदी आहे. हसू येतं, आणि अर्ध्यावर अडकतं. पुढे ते मेलेलं डुक्कर खांद्यावरून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले यांच्या तसबिरी रंगवलेल्या दिसतात. कुणी काही बोलत नाही. आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो सरळ आपल्याकडे.

आमच्या भिंतीवर तो दगड आला तेव्हा दिवा लावायला कुणी उठेना. मग एकजण म्हणाले, "आता खेड्यात असं काही राहिलेलं नाही." हे वाक्य तुम्ही सर्वांनी कुठे ना कुठे ऐकलं असेल. बहुतेक वेळा ते तिथेच संपतं. त्या दिवशी संपलं नाही. आमच्यातली एक मैत्रीण म्हणाली, "राहिलंय. खेड्यातच नाही, इथेही आहे."

तिची नि माझी सहा वर्षांची ओळख. दिवाळीच्या फराळाची देवाणघेवाण आहे. ती म्हणाली, "नवीन मराठी माणूस भेटला की मला पोटात गोळा येतो. पहिला प्रश्न, आडनाव काय. ते सांगितलं की दुसरा, 'म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?' गाव विचारायचं नसतं त्यांना. ते सगळ्यांना कळतं, मलाही कळतं. मग मी गाव सांगते, आणि दोघंही हसतो."

मंडळी, इथे मी दुसऱ्या कुणाचा दोष सांगत नाही. सहा वर्षांपूर्वी सेम्बावांग स्टेशनबाहेर आमची पहिली भेट झाली तेव्हा "म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?" हे मीच तिला विचारलं होतं. मला चांगलं आठवतं. मी स्वतःला पुरोगामी समजत होते तेव्हाही. त्या प्रश्नात काही वावगं आहे हे माझ्या मनातही आलं नव्हतं, कारण मला तो प्रश्न कुणी विचारला तर उत्तर देताना माझ्या पोटात काही होत नाही. मी त्या रात्री तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "माहितीय. म्हणूनच आज बोलले."

असो. 'भडक' या शेऱ्याची ही गोष्ट. पडद्यावरचं काही बघून 'अतिच केलं' असं वाटलं, तर ते खरोखर अति आहे की आपल्याला लागलंय, एवढं तपासून बघावं. कधीकधी ते खरंच अति असतं, हेही मान्य. मंजुळे यांचा 'झुंड' (2022) आमच्यातल्या बहुतेकांना लांबलेला वाटला, मलाही वाटला. आदराने बघायचं म्हणजे सगळंच डोक्यावर घ्यायचं असं नाही.

तिसरा शेरा : छान

हा सर्वांत धोकादायक. कारण यापुढे कुणी 'का?' विचारतच नाही.

केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' (2023) छान. महाराष्ट्रात बायका साड्या नेसून, गट करून थिएटरात गेल्या. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, रुसवेफुगवे. आमच्या मंचातल्या काहींनी नाकं मुरडली, की व्रतवैकल्यं आणि नऊवारी, यात कसलं बाईपण? त्यांचं म्हणणं मला पटतं. पण मी माझ्या आईला त्यानंतर तिच्या दुरावलेल्या बहिणीला फोन करताना बघितलंय. शिंदे यांना गर्दी सांभाळता येते. सहाही जणींना आपापला क्षण मिळतो, हसू आणि रडू यांच्यात फार अंतर ठेवायचं नाही हे त्यांना ठाऊक आहे. घरातल्या बाईला पडद्याच्या मध्यभागी बसवलं, एवढ्यावर लाखो बायका उठून गेल्या. त्या किती वर्षं वाट बघत होत्या याचा आपण पुरोगाम्यांनी थोडा विचार करावा.

उलट सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'नंतर कुणी 'छान' म्हणालं नाही. स्मृतिभ्रंश झालेले एक संस्कृत पंडित (मोहन आगाशे) हत्तीच्या मागे चालत हरवतात, आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखं सांभाळते. भावे-सुकथनकरांच्या चित्रपटांत खलनायक सहसा सापडत नाही. मुलगी वाईट नाही, जावई वाईट नाही, तरी म्हातारा हरवतो. सुमित्राताई समाजकार्यातून चित्रपटांकडे आल्या. 2021 साली त्या गेल्या. माणूस नीट ऐकून घ्यायची त्यांची सवय प्रत्येक दृश्यात दिसते. त्या संध्याकाळी आमच्याकडे चहा तसाच राहिला. निम्मे लोक गॅलरीत जाऊन गावी फोन लावत होते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगत आले, तिथे येते.

परेश मोकाशी यांचा 'नाच गं घुमा' (2024). मोकाशी यांची शैली ओळखायला सोपी. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त (2009) दादासाहेब फाळक्यांची ओढगस्तसुद्धा त्यांनी हसत-खेळत सांगितली. मोठं दुःख लहान आवाजात आणि मिश्किलपणे सांगायचं, ही त्यांची रीत. 'नाच गं घुमा'त नोकरी करणारी राणी (मुक्ता बर्वे) आणि तिची कामवाली आशाताई (नम्रता संभेराव) यांची जुगलबंदी आहे. बाई उशिरा येते, मालकीण चिडते, तिला काढून टाकते, आणि मग तिच्याशिवाय घर चालत नाही. आमच्या खोलीत हशाच हशा. संपल्यावर सगळ्यांचा एकच शेरा : छान!

आमच्याकडे घरकामाला एक फिलिपिनो बाई आहे. चार वर्षं झाली. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात चहा आणि भजी करत होती. मधेच माझं लक्ष गेलं तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून चित्रपट बघत होती. खाली इंग्रजी उपशीर्षकं होती. तीन वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, की उपशीर्षकं असतील तर आमचे चित्रपट तिला कळतात! आणि ती हसत होती ते आमच्याबरोबर नव्हे. आम्ही राणीच्या तारांबळीला हसत होतो. ती आशाताई काहीतरी बोलून निघून जायची तेव्हा हसत होती.

रात्री भांडी आवरताना मी तिला विचारलं, आवडला का? म्हणाली, "हो मॅम, छान आहे." मी जरा थांबले. मग तीच म्हणाली, "त्या बाईचं बरं आहे मॅम. तिला संध्याकाळी तिच्या घरी जाता येतं."

सोप्यावर बसलेल्या आम्हा चौदा जणांना हे दिसलं नव्हतं. पुण्यामुंबईची कामवाली दार लावून निघते. तिची वस्ती असते, घर असतं, शेजारणी असतात, रागावली तर दांडी मारता येते. इथे राहती बाई. रागावली तर जाणार कुठे? स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत. सिंगापुरात अशा अडीच लाखांहून जास्त बायका घरांतून राहतात. इथला नोकरीचा सर्वसाधारण कायदा त्यांना लागू नाही. आठवड्याची सुट्टी 2013 पासून नियमात आली, पण पैसे देऊन ती भरून काढायची मुभा ठेवली. 2023 पासून महिन्यातली निदान एक सुट्टी पैसे देऊनही काढून घेता येत नाही. मी हे आकडे सांगते आहे, पण खरं सांगायचं तर त्या रात्रीपर्यंत मला ते ठाऊक नव्हते. आमच्याकडे तिला महिन्यातून दोन रविवार मिळत होते, आणि आम्ही स्वतःला उदार समजत होतो.

पुढच्या महिन्यात आम्ही मराठी सोडून इथलाच चित्रपट लावला. अँथनी चेन यांचा 'इलो इलो'. 2013 साली कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचं पारितोषिक त्याला मिळालं. 1997 चं आर्थिक संकट, एचडीबीचा फ्लॅट, बापाची नोकरी गेलेली, आई आपल्या कंपनीत इतरांना कामावरून काढल्याची पत्रं टाइप करणारी, आणि त्यांच्या हट्टी मुलाला सांभाळायला आलेली फिलिपिनो टेरेसा. तिचं स्वतःचं तान्हं मूल गावी. दिग्दर्शकाच्या लहानपणी त्यांच्या घरात अशीच एक बाई होती, फिलिपिन्समधल्या इलोइलो प्रांतातली. चित्रपटाचं नाव त्यावरूनच. गाजल्यानंतर तिचा शोध लागला आणि इतक्या वर्षांनी त्यांची भेट झाली.

चेन यांचा कॅमेरा त्या अरुंद घरातल्या अरुंद जागांत उभा आहे. तिथून मालकीणही दिसते आणि टेरेसाही. आईला मत्सर वाटतो, कारण मुलगा हिच्या जवळ जातोय. ती दुष्ट नाही, दमलेली आहे. ती मला माझ्यासारखी दिसली. तिथे मला मोकाशी आणि चेन यांच्यातला फरक कळला. मोकाशी दोघींचं भांडण मिटवून आपल्याला हसत घरी पाठवतात. चेन शेवटी टेरेसाला विमानतळावर पाठवतात. एक चांगला आणि दुसरा वाईट असं मला म्हणायचं नाही. 'नाच गं घुमा' नसता तर ती दारात उभी राहिली नसती, आणि मला काही कळलंही नसतं.

त्या दिवशीची चर्चा गोड झाली नाही, हेही सांगायला हवं. एक वहिनी म्हणाल्या, "मग आता काय, सगळ्यांनी आपापल्या हेल्परना घेऊन यायचं का चित्रपटाला? आम्हीही पोटासाठीच आलोय ना इथे? आमच्या नोकऱ्यांचा तरी कुठे भरवसा आहे?" त्या चिडून गेल्या, आणि दोन महिने आल्या नाहीत. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. 'इलो इलो'तली आई हेच बोलली असती. त्यांना मी उत्तर देऊ शकले नाही. आजही माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

शेवटी

समारोप म्हणून तीन प्रश्न ठेवते. चित्रपट संपला की आपला नेहमीचा शेरा जरूर मारा, तो प्रामाणिक असतो. मग हे विचारा. एक, कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा होता? दोन, दिग्दर्शक कुठे थांबला, आणि कुठे आवाज बंद केला? आणि तीन, हे सगळं बघताना मी कुठे बसले होते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं म्हणजे शैली. त्यासाठी पुस्तकं वाचायची गरज नाही, बँकेतले काका आणि माझी मावशी यांना ती आली. तिसऱ्याचं उत्तर मात्र चित्रपटात नसतं.

जाता जाता. 'इलो इलो' रविवारी दुपारी लावला होता. मी मोठ्या मनाने आमच्या बाईला म्हटलं होतं, या वेळी तू पण आमच्याबरोबर सोफ्यावर बसून बघ. ती म्हणाली, "थँक यू मॅम. पण आता मला दर रविवारी सुट्टी आहे ना." आणि ती तिच्या मैत्रिणींबरोबर ऑर्चर्ड रोडला निघून गेली. चहा मी केला. साखर जास्त झाली होती, असा शेरा वहीत आहे.



(भाषणानंतर बरीच चर्चा झाली. तिचा सारांश पुढील अंकात देऊ. आपल्या प्रतिक्रिया, आणि अर्थातच मतभेद, जरूर कळवा. – संपादक)